पितळेचे पोपट आणि सुताराची डोली

फार पूर्वी, डोंगराच्या पार वरच्या टप्प्यावर एक वाडी होती. वाडीत देऊळ होतं, विहीर होती, भांडणंही पोटापुरती होती. नव्हता तो फक्त वैद्य. तो खाली नदीकाठच्या गावात राहायचा, आणि तिथं जायला एकच पायवाट होती. उतार इतका की बैलगाडीचं नावच नको.

म्हणून वाडीत डोलीची रीत होती. दोन लांब दांडे, त्यांच्या मधोमध बांधलेली बाज, आणि दांड्यांच्या चार टोकांखाली चार खांदे. कुणाचं दुखणं वाढलं की त्याच्या घरचं माणूस अंगणात उभं राहून हाळी द्यायचं, "डोलीला याऽ हो." हाळी कानावर आली की हातातलं काम टाकून निघायचं. कुणासाठी, हे विचारायचं नाही. बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले सख्खे भाऊसुद्धा डोलीखाली मुकाट एकामागं एक चालत. जाता-येता हेच लोक कोयत्यानं वाटेवरची झुडपं तोडत, त्यामुळे वाटही मोकळी राहायची.

डोलीचा पुढचा दांडा सुताराचा, असं ठरूनच गेलं होतं. उतरताना सगळा भार पुढच्यावर येतो, आणि पाय कुठं टाकायचा हे मागच्यांना पुढच्यानंच सांगायचं असतं. "डावीकडं खड्डा हाय. आता दमानं. इथं मुरूम घसरतोय," असं बोलत बोलत सुतार डोली खाली नेई. बाजेवरच्या दुखणेकऱ्यालाही तो आवाज ऐकून धीर येई.

एकदा वाडीत एक सौदागर आला. त्याच्या गोणीत पितळेचे पोपट होते. पोपटाच्या कानात निरोप सांगायचा, ज्याला धाडायचा त्याचं घर सांगायचं, की पोपट भुर्रकन उडून जाई. निरोप जसाच्या तसा सांगे, वर उत्तर घेऊन परत येई. नुसतं तेवढंच नाही. मालकाला वेळ नसेल तर दारात आलेल्या दुसऱ्या पोपटाला हा स्वतःच गोड बोलून वाटेला लावी.

"केवढ्याला?" सुतारानं विचारलं.

"काही नको दादा. घरात ठेवा, त्याच्यासमोर बोलत चला. मला तेवढं पुरे."

फुकट ते पौष्टिक. वाडीनं गोणी रिकामी केली. आपण काय बोलतो ते ऐकून याला काय मिळणार, हा प्रश्न एकालाही पडला नाही. पुढच्या खेपेला ज्या घरात गुडघे दुखत होते त्याच घरासमोर सौदागर तेल घेऊन उभा राहिला, तेव्हा लोक म्हणाले, "किती काळजी करतो बिचारा."

पोपट सोयीचे होते, हे कुणी नाकारू नये. माहेरची खुशाली कळायची. शेजाऱ्याकडून विळा मागायला उठावं लागत नसे. बारशाला, साखरपुड्याला, सगळीकडे पोपट जाऊ लागले. घरोघरी वळचणीला पोपट बसलेले असत आणि दिवसभर एकमेकांशी बोलत असत. माणसांच्या कानांना त्या बडबडीची सवय झाली आणि सवय झाली की कान ऐकणं सोडतात.

एके दिवशी सुतार पाटलाच्या घरची चौकट कोरत बसला होता. तेवढ्यात हाळी आली. शेजारच्या कुंभाराची आई भोवळ येऊन पडली होती.

सुतार सवयीनं उठला. मग त्यानं चौकटीकडे पाहिलं. वेलबुट्टी अर्ध्यावर आली होती, हात बसला होता.

"अहो, जाताय ना?" बायकोनं चुलीपासून विचारलं.

"बाकीचे जातीलच की. सगळी वाडी हाय," सुतार म्हणाला. त्यानं पोपटाच्या कानात निरोप सांगितला, "आजीला जपा. काळजी करू नका. आम्ही आहोत."

पोपट गेला आणि आला. कुंभारानं उलट निरोप धाडला होता, "उपकार झाले दादा." सुताराला एकदम हलकं वाटलं. डोलीखाली चालून खांदा सोलला की वाटायचं, त्याहूनही बरं वाटलं, आणि चौकटही पुरी झाली.

आजी वाचली. पुढच्या दांड्याला तेली होता, तो दोनदा घसरला, आजीचं कोपर फुटलं, पण वाचली. कुणी सुताराला बोल लावला नाही. तिथंच सगळं बिघडलं. आजी गेली असती तर सुतार जन्मभर स्वतःला खात राहिला असता आणि वाडी शहाणी झाली असती. पण ती वाचली, आणि सुतार गेला नाही तरी चालतं हे सगळ्यांनी पाहिलं. सुतारच जात नाही तर आपण काय म्हणून मरायचं, असं तेल्याला वाटलं. पुढच्या हाळीला तेल्याचा पोपट गेला, त्याच्या पुढच्या हाळीला गवळ्याचा. प्रत्येकाला वाटे, बाकीचे जातीलच की.

आणि मग हाळी देणंच गावंढळ ठरलं. "एवढं बोंबलायला काय झालं? पोपट नाही का घरी?" असं लोक हसून म्हणू लागले. पोपट पुढं धाडल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहणं हा तर उद्धटपणाच झाला. ज्यांना वैद्याची गरज पडली ते पायांनी कसेबसे उतरले, नाहीतर सौदागराचं तेल चोळून घरीच पडून राहिले. वाटेवर घाणेरीची काटेरी झुडपं माजली.

अशात एका सकाळी सुतार ओंडका तासत होता. तासायचा वाकस हातातून निसटला आणि त्याचं पातं थेट मांडीत बसलं. रक्ताची धार लागली. बायकोनं लुगडं फाडून आवळून बांधलं. ते बघता बघता भिजलं.

"वैद्याकडं न्यायला पायजे. मी हाळी देते," ती उठत म्हणाली.

सुतारानं तिचा हात धरला. "हाळी नको. लोक काय म्हणतील? पोपट धाड."

तिचं मन मानत नव्हतं. पण नवऱ्याचा शब्द मोडवेना, आणि वाडीत हसू होईल ही भीती तिलाही होतीच. तिनं पोपटाला सांगितलं, "धन्याच्या मांडीत वाकस बसलाय. रक्त थांबत नाही. डोलीला चार माणसं या." तिनं सगळ्या घरांची नावं सांगितली. पोपट उडाला.

तो परत आला तो हसतमुखानं, म्हणजे पितळेचं तोंड जेवढं हसरं घडवलेलं असतं तेवढं. म्हणाला, "सगळीकडे सांगितलं. कुंभार म्हणाले, अरेरे, फार वाईट वाटलं. तेली म्हणाले, काळजी करू नका. गवळी म्हणाले, आम्ही आहोत."

"बघ," सुतार म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी तो सुखावला होता. "सगळी वाडी आपल्या मागं हाय."

ती दारात जाऊन उभी राहिली. वाटेवर कुणी दिसेना. तिनं पोपट पुन्हा धाडला. पुन्हा तीच उत्तरं आली, या वेळी थोडी जास्त गोड. ऊन अंगणात आलं तशी तिनं लाज सोडली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "डोलीला याऽ हो."

वाडीनं ती हाळी ऐकली. वाडीतली माणसं दगड नव्हती, एवढं तरी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. प्रत्येक घरात माणूस थबकला, काळजात चर्र झालं, आणि प्रत्येकानं काय झालंय ते बघायला पोपट धाडला. सुताराच्या अंगणात एकामागून एक पोपट उतरले. छपरावर, तुळशीच्या कट्ट्यावर, बाजेच्या माचव्यावर बसले आणि एका सुरात म्हणू लागले, "फार वाईट वाटलं. आम्ही आहोत. आम्ही आहोत."

तिनं हातात येईल ते भांडं त्यांच्यावर फेकलं आणि अनवाणी कुंभाराच्या घरी धावली. कुंभार चाकावर होता. तिला दारात पाहून तो दचकलाच, पोपटावाचून कुणी येत नसे.

"भावोजी, तुम्हाला सांगावा आला नाही?"

"कसला सांगावा, वहिनी? हाळी ऐकली, तसा पोपट धाडलाय की बघायला." त्यानं वळचणीकडं पाहिलं. "आला असंल. ते दिवसभर बोलतच असतंय, मी कुठं ऐकतो."

"त्यानं उत्तर दिलं की. आम्ही आहोत म्हणून."

"ते मी त्याला एकदाच शिकवून ठेवलंय," कुंभार म्हणाला आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. चाक तसंच फिरत सोडून तो उठला. तेल्याला आणि गवळ्याला त्यानं दंड धरून बाहेर ओढलं. देवळाचा गुरव आला. चार खांदे झाले. ते कुठं दूर गेले नव्हते, हाकेच्या अंतरावरच होते.

डोली निघाली. पण खांद्यांना सवय राहिली नव्हती. एकाचं पाऊल पुढं, एकाचं मागं, बाज हिंदकळत होती. थोडं उतरले आणि वाटच सापडेना, घाणेरी कमरेपर्यंत माजली होती. कोयता कुणी आणला नव्हता. गवळी म्हणे इकडून, तेली म्हणे तिकडून.

बाजेवर सुताराचं डोकं एका बाजूला कलत होतं. खालून कुणीच काही सांगत नाही हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानं क्षीण आवाजात विचारलं, "पुढच्या दांड्याला कोण हाय?"

कुंभार होता. त्याच्या आईच्या वेळी पुढं कोण नव्हतं हे त्याला आठवत होतं, आणि आता ते मनात आल्याची त्याला शरम वाटत होती. त्यानं नुसतं रडत रडत काटे पायानं दाबले आणि पुढं पाऊल टाकलं.

नदी दिसायच्या आत सुतार गेला. चौघांनी डोली तिथूनच मागं फिरवली.

वाडी रडली, अगदी मनापासून रडली. चूल बंद असलेल्या त्या घरी पहिल्या दिवशी माणसं गेली, दुसऱ्या दिवशी थोडी गेली, मग पोपट जाऊ लागले. "धीर धरा," असं ते कुडाच्या भिंतीला सांगत.

बाजाराच्या दिवशी सौदागर आला तेव्हा लोकांनी त्याला देवळापुढं घेरलं. सगळे चिडलेले होते. "तुझ्या पोपटापायी आमचा माणूस गेला," तेली म्हणाला.

सौदागरानं पागोटं काढून हळहळ केली. मग म्हणाला, "खोट पोपटात नाही, आवाजात आहे. हा हळू बोलतो, म्हणून तुमचं लक्ष जात नाही. मी मोठ्या आवाजाचा आणलाय. हाळीच देतो बघा." त्यानं गोणीतून नवा पोपट काढला. पोपटानं चोच उघडली आणि सबंध वाडी दणाणली, "डोलीला याऽ हो."

लोक एकमेकांकडं बघू लागले. "हे बरं झालं," गवळी म्हणाला. "आता कुणाची हाळी वाया जायची नाही." हात पुढं आले.

सुतारीण गर्दीच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, "पोपट टाका आणि कोयते घ्या. आधी वाट मोकळी करू. उद्या तुमच्यातलंच कुणी बाजेवर असंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच आहे, असं दोघं-तिघं म्हणालेही. पण उन्हं चढली होती, पेरणी तोंडावर होती, आणि बाकीचे जातीलच की.

सौदागर अदबीनं तिच्यापाशी आला. "तुम्हाला कोणता देऊ वहिनी? तुमच्यासाठी रंगीत ठेवलाय."

"मला माणसं पायजेत. चार."

त्यानं खरोखरच गोणीत हात घालून पाहिल्यासारखं केलं. "माणसं आम्ही ठेवत नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ती घरी गेली, कोयता घेतला आणि एकटीच पायवाटेवर उतरली. वाडीतल्या प्रत्येक घराला हे कळलं. त्या दुपारी ती काटे तोडत होती आणि तिच्या डोक्यावर नवे पोपट घिरट्या घालत मोठ्यामोठ्यानं ओरडत होते, "आम्ही आहोत."

तात्पर्य: शब्द दुसऱ्याच्या हाती पाठवता येतो, खांदा स्वतःच न्यावा लागतो. ज्याला हे पटलं, त्यानं ही गोष्ट चार जणांना पुढं पाठवण्याआधी उठून शेजारच्या दारात जाऊन यावं.