माहेरवाशिणीचा तांब्या

ही निंबार्डीच्या पेठेची कमान. जाखाईच्या जत्रेच्या आदल्या दिवशी नगरपंचायतीचे आरोग्य निरीक्षक इथे अनवाणी उभे राहतात. हातात पाण्याने भरलेला पितळेचा तांब्या असतो. गावची एखादी माहेरवाशीण पुढे येते, पाणी ओतून टाकते, तांब्यात डोकावून बघते आणि मग पुन्हा भरून मागते. तोवर साहेबांनी मान वर करायची नाही. हे झाल्याशिवाय जत्रेत एकाही खाण्याच्या दुकानाला परवाना मिळत नाही. बाहेरची माणसं बघून हसतात. हसा बापडे, पण ही आमच्या गावाच्या लाजेची गोष्ट आहे.

फार पूर्वी पेठेच्या कारभाऱ्याला शेटे म्हणत; तेव्हा ते शेटेपण चिमाजींकडे होतं, असे सांगतात. जत्रा ऐन चैत्रातली, त्यामुळे ताकाला मोठी मागणी. हंड्याची कल्हई उडाली की आंबट ताक पितळेत कळकतं आणि पिणाऱ्याला बाधतं. म्हणून प्रत्येक हंडा कमानीत आडवा करायचा, शेट्यांनी आत डोकं घालून कल्हई बघायची, मगच दुकान मांडायचं, असा नियम होता. चिमाजी यात कुणाचं ऐकत नसत. सख्ख्या भावाचा हंडा त्यांनी परत पाठवला होता म्हणे.

त्या वर्षी मात्र त्यांचे नवे व्याही राघोजी ताक घेऊन आले. हंडा भरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं. मुलीच्या बापाने व्याह्यांचा हंडा चारचौघांत रिकामा करायला कसा लावायचा? चिमाजींनी हंड्याला हळदकुंकू लावलं आणि आत सोडायला सांगितलं.

लेक ठकू सासूच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, एकदा आत बघा की."

"गप बस. सासरची अब्रू चव्हाट्यावर मांडतीस व्हय?" चिमाजी सगळ्यांसमोर ओरडले.

ठकूने पदर पुढे ओढला.

दुपारपर्यंत माणसं ओकून ओकून आडवी झाली. कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं उन्हाचा तडाखा. चिमाजींना खरं कळलं होतं, तरी ते गप्प बसले. वाया जायला नको म्हणून तळाचं ताक ठकूच्या सासूने पिऊन टाकलं होतं. तिन्हीसांजेला ती गेली. तेव्हा कुठे चिमाजींनी तो हंडा देवळापुढे ओढत आणला आणि आडवा केला. आत कल्हईचा पत्ता नव्हता, नुसता हिरवा थर होता.

"मी बघितलं नाही," ते म्हणाले. "लेकीनं सांगूनसुद्धा बघितलं नाही."

शेटेपण त्यांनी सोडलं. राघोजींनी डोकं पायरीवर ठेवलं, पण त्यांना कुणी बोल लावला नाही. बघायचं काम त्यांचं नव्हतंच.

पुढच्या जत्रेला ठकू माहेरी आली. चिमाजी पाण्याचा तांब्या घेऊन कमानीपर्यंत सामोरे गेले. ठकूने तांब्या घेतला, पाणी मातीवर ओतलं, आत बघितलं आणि मग तांब्या परत बापापुढे धरला. त्यांनी मान खाली घालून तो पुन्हा भरला. ती पाणी प्यायली, पण वर्षभराच्या चार गोष्टी काही बोलली नाही. चिमाजी जिवंत होते तोवर दर जत्रेला हे असंच झालं. बापाच्या हातचं पाणी ती बघितल्याशिवाय कधी प्यायली नाही. आणि त्यांनीही, कल्हई कालच केली आहे, असं तिला कधी सांगितलं नाही. त्यांच्यामागे जत्रेतली भांडी बघायचं काम ज्याच्याकडे आलं, त्याने गावच्या लेकीपुढे असाच तांब्या धरायचा, असा रिवाज पडला.

मागल्या वर्षी आलेल्या साहेबांना हे सगळं थोतांड वाटलं होतं. त्यांच्या मेहुण्याचं भेळेचं दुकान होतं, त्याचा परवाना त्यांनी घरूनच लिहून आणला होता. कमानीत आमच्या गावच्या लेकीने तांब्या ओतला, आत बघितलं आणि तो त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी तो भरला. मग खिशातला कागद काढून फाडला आणि मेहुण्याची भांडी सगळ्यांत आधी बघायला गेले.

आता हंडे स्टीलचे झाले, कल्हईवाले दिसेनासे झाले. पण आजही इथे पाणी ओतल्याचा आवाज आला की पेठेतली सगळी माणसं खाली बघतात.