बॉनेटवरचं दव

पुण्याचे अरगडेसाहेब गाडीला लावायच्या वॅक्सचे डबे विकायला घेऊन भल्या सकाळी महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर उभे राहिले. गाड्या धुणाऱ्या कोंडाबाई ढेबेनं बादली खाली ठेवली. ती मान डोलावेल तेच वॅक्स सगळे ड्रायव्हर घेत. म्हणजे रंग उडाला की शिव्याही तिलाच.

"एकदा लावा, अख्खा हिवाळा बघायला नको!" साहेब गरजले. "पाणी पसरतच नाही, मोत्यांसारखं उभं राहतं. बाई, तुला नाही कळायचं, जर्मन शास्त्र आहे हे!"

"आम्ही अडाणीच, साहेब. तुमच्या गाडीलाही हेच लावता का?"

"हेच! गेल्याच रविवारी लावलंय, स्वतःच्या हातानं. आठवडाही झाला नाही."

रात्रभर उघड्यावर राहिलेली साहेबांची गाडी शेजारीच होती. कोंडाबाईनं बॉनेटकडे बोट केलं. मोती सोडाच, धड एक थेंब उभा नव्हता. सगळं दव सारवल्यासारखं सपाट पसरलं होतं.

ड्रायव्हर खिदळले. साहेब घाईघाईनं बाहीनं बॉनेट पुसू लागले.

"पुसता कशाला? तुम्ही खोटं थोडंच बोललात," कोंडाबाई बादली उचलत म्हणाली. "हिवाळाभर टिकतंच की ते. तुमच्या पुण्यात हिवाळा आठ दिवसांत उरकत असेल. आमच्याकडं मेला चार महिने चालतो!"