पोकळी, भाग एक ते सात

"बुवा, दुःख ऐकून माणसाला झोप कशी लागू शकते?"

दगडूबुवा मठाच्या ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुनाचं दुःख?"

"माझं."

"आनि झोप कुनाला लागती?"

"लोकांना."

"मग बरोबर हाय की."

विचारणाऱ्याला हे उत्तर आवडलं नाही. पंचविशीतला पोरगा. भर उन्हाळ्यात अंगात काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. टेकडी चढून येताना घामाने पार निथळला होता, पण चेहऱ्यावरचा तोरा जागच्या जागी होता. नाव वीरेश हलकुडे. मूळचा बार्शीचा, आता पुण्यात असतो. संगीतातलं नाव वेगळं, 'शून्यनाद'. ते त्याने आधी सांगितलं आणि आईबापांनी ठेवलेलं मागून.

मी बाजूला बसून डाळ निवडत होतो. मठातला स्वयंपाक माझ्याकडे असतो, त्यामुळे बुवांकडे येणाऱ्यांची दुःखं मला बसल्या जागी ऐकायला मिळतात. बहुतेक जमिनीच्या बांधाची नाहीतर सुनेची असतात. असलं दुःख पहिल्यांदाच आलं होतं.

"मी अँबियंट संगीत करतो बुवा. इलेक्ट्रॉनिक."

"ताल असतो का त्यात?"

"नाही."

"शब्द?"

"नाही."

"चाल?"

"तशी नाही म्हणता येईल."

"मग असतं काय?"

"अवकाश," वीरेश म्हणाला.

बुवांनी दुसरा पाय पुढे घेतला.

वीरेशने खिशातून फोन काढला. "दोन वर्षांचा सगळा त्रास मी एका अल्बममध्ये ओतलाय. नाव 'पोकळी'. सात भाग. रडत रडत केलाय बुवा, खोटं नाही सांगत. आणि लोक काय लिहितात बघा. 'तुमच्यामुळे माझा निद्रानाश गेला, देव तुमचं भलं करो.' हे दुसरे. 'बाळाला दात येतायत, रात्रभर रडतं, भाग तीन लावला की गपगार.' आणि एका दातांच्या डॉक्टरने तर दवाखान्यात लावलंय. दाढ काढताना!"

"निघाली का दाढ?"

"बुवा!"

"इचारलं आपलं."

वीरेशने फोन खिशात कोंबला. त्याचा आवाज आता जरा उतरला. "पुढच्या महिन्यात बर्लिनला बोलावलंय. मोठं सभागृह आहे. आमच्यातल्या कुणालाही इतक्या लवकर बोलावणं येत नाही. तिथेही माणसं माझ्यासमोर घोरायला लागली, तर मी संपलो. म्हणून आलोय. आत जे आहे ते दुसऱ्यापर्यंत पोचवायचं कसं, एवढं सांगा."

बुवांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"वाजव बगू."

सतरंजीवर त्याने दुकान मांडलं. लॅपटॉप, स्पीकर, गोल गोल बटणांनी भरलेली एक पेटी, आणि वायरींचा एवढा मोठा गुंता. शेवटी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मला वाटलं, आता बासरी निघणार. निघाला एक पाना. हातभर लांब, दांड्याला लाल रंग, तोंडाशी गंज. पाइप आवळायला वापरतात तो.

"हे काय?" मी न राहवून विचारलं.

"घंटा," वीरेश म्हणाला. "चौथ्या भागातली."

त्याने पाना दोरीने ओट्याच्या वाशाला टांगला आणि लाकडी हातोडीने हलकेच टोला दिला. आवाज खरोखरच छान निघाला. गोड, खोल, लांबत जाणारा. आमच्या देवळातल्या घंटेपेक्षा बरा म्हणावा असा, पण बुवांसमोर मी ते बोललो नाही.

मग त्याने 'पोकळी' लावली.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग ते काहीच न होणं हळूहळू मोठं होत गेलं. मठाचं कुत्रं आलं, जांभई दिली आणि स्पीकरला पाठ लावून आडवं झालं. माझा हात डाळीतच थांबला. सगळं घर लग्नाला गेलंय आणि आपल्याला एकट्याला राखणीला ठेवलंय, अशी दुपार असते ना, तसं काहीसं वाटलं. वाईटच वाटलं. कशाचं ते कळेना. आणि मग, लपवायचं कशाला, माझा डोळा लागला.

बुवांच्या हाकेने जाग आली.

"म्हादू, मोटर चालू ऱ्हायली का बग रं. टाकी भरून वाहायची."

मी धडपडत उठलो. वीरेशने फाटकन सगळं बंद केलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बुवा... तुम्हीही?"

"का? मोटर नव्हं?"

"तो दुसरा भाग होता."

मी परत खाली बसलो आणि खूप मन लावून डाळ निवडायला लागलो.

"'तुम्हीही' म्हंजे?" बुवांनी विचारलं. "आनि कोन म्हनालं?"

वीरेश बराच वेळ वायर बोटाला गुंडाळत बसला.

"अप्पा," तो म्हणाला. "माझे वडील. बार्शीत हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं. मी त्यात बसावं अशी त्यांची इच्छा. मला नाही जमत ते. आई गेली, त्यानंतर मी पहिल्यांदा असं काहीतरी केलं होतं. तिच्यासाठी. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. धीर करून त्यांना ऐकवलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजला कान लावून उभे राहिले."

"बरं..."

"म्हणाले, 'कॉम्प्रेसर गेला वाटतं. उद्या माणूस बोलावतो.'"

मला हसू आवरेना. मी डाळीचं ताट तोंडासमोर धरून फुंकर मारल्यासारखं केलं.

"मी बॅग भरली आणि तडक पुण्याला निघून आलो," वीरेश म्हणाला. "दोन वर्षं झाली. एक शब्द बोललो नाही त्यांच्याशी."

"आनि त्ये?"

"त्यांचा एक निरोप आला होता मध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर, आवाजाचा. छोटासाच." आता त्याच्या मानेत परत तोरा आला. "तोच हा अल्बम आहे बुवा. सातही भाग त्या एका निरोपातून काढलेत. चार शब्दांचा आवाज ताणून ताणून सव्वा तासाचा केलाय. वर थर चढवलेत, प्रतिध्वनी दिलाय. असं आपल्याकडे कुणी केलेलं नाही."

"म्हंजे वरनात पानी."

"बुवा, याला तंत्र म्हणतात."

"ऱ्हायलं. अप्पा काय म्हनत हुते त्यात?"

"शब्द महत्त्वाचे नाहीत. शब्दांच्या मागची जी पोकळी..."

"काय म्हनत हुते?"

वीरेश एकदम भडकला. "काहीच नाही! तेच तर दुःख आहे. इतक्या महिन्यांनी एक निरोप, आणि त्यात माझ्याबद्दल काही नाही. कसा आहेस, नाही. जेवतोस का नीट, नाही. आपलं काहीतरी घरातलं फालतू."

बुवा सरकत सरकत त्या बटणांच्या पेटीपाशी आले.

"लाव परत."

वीरेशने लावलं. परत ते सगळं भरून आलं.

"हे कशाचं?" बुवांनी एका बटणावर बोट ठेवलं.

"प्रतिध्वनीचं."

बुवांनी ते फिरवून शून्यावर आणलं.

"बुवा, तेल! तुमच्या हाताला तेल आहे!"

"पुसता येतंय. हे?"

"थरांचं... हळू..."

तेही शून्यावर आलं. देवळाएवढा आवाज खोलीएवढा झाला, मग कपाटाएवढा. कुत्र्याने एक डोळा उघडला.

"आनि हे?"

वीरेशने त्या बटणावर तळहात ठेवला.

"हे नको."

"का?"

"ताणलेलं आहे ते यावर. हे काढलं की काही उरत नाही."

"बगू तरी, किती उरत न्हाई त्ये."

बुवांनी हात लावला नाही. नुसते वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने वीरेशने तळहात काढला आणि बटण स्वतःच फिरवलं.

स्पीकरमधून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. जरा खरखरीत, फोन तोंडाच्या फार जवळ धरलेला.

"वीरू... अरे, मोठा पाना कुठं ठेवलायस? घरातला नळ गळतोय."

त्यापुढे काही नाही. नुसता श्वास. लांब कुठेतरी रिक्षाचा हॉर्न. माणूस बोलून झाल्यावरही फोन धरून तसाच उभा असावा, असं.

"...हां."

संपलं.

"त्ये शेवटी गप हुते," बुवा म्हणाले, "त्येचं काय केलंस?"

"सातवा भाग," वीरेश हळू म्हणाला. "लोकांना तोच सगळ्यात जास्त आवडतो."

मी वाशाकडे बघितलं. बुवांनी बघितलं. मग वीरेशलाही बघावंच लागलं. पाना दोरीला लटकत होता आणि वाऱ्याने एका अंगाला थोडा वळला होता.

"ह्योच व्हय त्यो?"

"हो... रागारागात बॅग भरली, त्यात आला चुकून. पुण्यात एकदा खाली पडला. आवाज चांगला निघाला, म्हणून मग..."

"निरोपाला उत्तर काय दिलंस?"

"हे उत्तरच आहे ना बुवा. सात भाग."

"अप्पांनी ऐकलं?"

"त्यांना नाही पाठवलं. त्यांना काय कळणार आहे यातलं? मी जगापुढे ठेवलं."

"जगानं पाना मागितला हुता व्हय?"



कुत्रं उठून पाणी पिऊन आलं. बुवांनी गुडघ्यावरचं तेल जिरवलं.

"दुकान कशाचं म्हनालास अप्पांचं?"

"हार्डवेअरचं."

"मला म्हाताऱ्याला काय कळतंय त्यात. काय काय असतं?"

"असतं सगळं," वीरेश कंटाळून म्हणाला. "नळ, पाइप, कड्या, कुलपं, खिळे, वॉशर, पाने..."

तो तिथेच थांबला.

बुवा त्याच्याकडे बघत नव्हते. दोरीच्या गाठीकडे बघत होते.

"भिंतभर आहेत," वीरेश म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येऊ नये असा झाला होता. "पाने. गल्ल्याच्या मागे. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले. शाळेतून आलो की मीच लावायचो. अप्पा स्टूल धरून उभे राहायचे..."

आणि त्याला हुंदका आला. छोटा होता, कोरडा होता, अर्धा तर नाकातूनच आला. त्याला थर नव्हते, प्रतिध्वनी नव्हता. पण कुत्रं ताठ उभं राहिलं, आणि माझ्या हातातलं ताट कलंडून निवडलेली डाळ न निवडलेल्या डाळीत गेली. मठात कुणालाही झोप लागली नाही. मला माझे थोरले भाऊ आठवले, ज्यांना मी आठ दिवसांपूर्वी फोन करणार होतो.

बुवा उठले. त्यांनी दोरी सोडून पाना खाली घेतला. तेलाच्या वाटीत बोट बुडवून त्याच्या गंजलेल्या तोंडावर तेल चोळलं. आवळायची चकती आधी हलेना. त्यांनी ती पदराने धरावी तशी उपरण्याने धरली आणि मागेपुढे करत राहिले, मऊ फिरायला लागेपर्यंत. मग पाना वीरेशच्या मांडीवर ठेवला.

वीरेशने सामान गोळा केलं. एरवी असली माणसं वायरी नीट गुंडाळून ठेवतात. याने सगळा गुंता तसाच पिशवीत कोंबला. पाना मात्र टॉवेलात घातला नाही, हातातच ठेवला. मी त्याला स्टँडकडे जाणारी जवळची पायवाट दाखवली आणि बार्शीची गाडी लाल बोर्डाची असते, असंही सांगितलं. त्याने मान हलवली.

चार पायऱ्या उतरून तो परत फिरला.

"बुवा."

"आं?"

"दोन वर्षं झाली. ते गल्ल्यावर असतील, समोर गिऱ्हाईक असेल. मी हा असा हातात पाना घेऊन जाणार... काय बोलू? सुरुवात कुठून करू?"

बुवा परत ओट्यावर टेकले होते. त्यांनी पहिला पाय पुढे घेतला आणि वाटी जवळ ओढली.

"कुटला नळ गळतोय, त्ये इचार."