एकोणचाळीस मिनिटं

"टायमावर आलेल्याला बाकावर बसवायचं, आणि न आलेल्याची वाट बघायची... हा कुठला न्याय, अण्णा?"

अण्णा तळपद्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. समोरच्या घड्याळातला एक स्क्रू चिमट्याने उचलला आणि वाटीत टाकला.

"कुणाची वाट बघितली?"

"कुणाची म्हणजे? कायतानची!"

गेलं वर्षभर हे नाव ठाकुरद्वारच्या त्या दुकानात इतक्या वेळा घेतलं गेलं होतं, की कायतान एकदाही तिथे न येता दुकानातली सगळी घड्याळं त्याला ओळखत असतील.

इनास याच दुकानात चार वर्षं घड्याळदुरुस्ती शिकला. मग ड्रम वाजवायला लागला आणि नाचाच्या बँडांत गेला. पण घड्याळजींचा शिष्य असल्याचा तोरा काही त्याने सोडला नाही. आपला ठोका केसभरही हलत नाही, हे तो ओळख नसलेल्यांनाही सांगायचा.

तेव्हा जॅझ मुंबईत नवीन होतं. अमेरिकेहून आलेला एक बँड एका बड्या हॉटेलात वाजवत होता. त्यांचा ड्रमवाला आजारी पडून बोटीने परत गेला, आणि बदली माणूस हवा होता. नाव घ्यावं असे शहरात दोघेच, इनास आणि कायतान. त्या दिवशी संध्याकाळी पाचला दोघांना ऐकायचं ठरलं होतं.

"तू कधी पोचलास?" अण्णांनी विचारलं.

"पाचाला पाच कमी होते. पाचाच्या टोल्याबरोबर पहिला ठोका मारला. तीन गाणी वाजवली. एक चूक दाखवा!"

"मग?"

"बँडमास्तरने मान हलवली. बस म्हणाला. दुसरा कुठे आहे म्हणाला. मी सांगितलं, साहेब, तो नेहमीच उशिरा असतो. ठोकासुद्धा उशिरा मारतो."

"त्यावर काय म्हणाला?"

इनासच्या तोंडाची चव गेली होती.

"म्हणाला, मग त्याला ऐकायलाच हवं."

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही, हे इनासला कळलं नाही. कळलं असतं तर तो आणखी चिडला असता.

"किती वेळ थांबला?"

"पाचाच्या टोल्यापासून एकोणचाळीस मिनिटं! माझ्यासाठी आजवर कुणी अर्धा ठोका थांबलं नाही, अण्णा."

आता अण्णांनी भिंग काढलं.

"चाळीस नाही?"

"नाही. मी मोजली ना. समोर घड्याळच होतं."

"बरोबर मोजलीस..."

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे दोन मोठी घड्याळं शेजारी शेजारी होती. सरकारने सगळ्या देशाला एकच वेळ लावून दिली, त्याला तीस वर्षं होत आली होती. पण मुंबईने आपली जुनी वेळ सोडली नव्हती. रेल्वे आणि बोटी स्टँडर्ड टाइमवर चालायच्या, गावातली माणसं मुंबई टाइमवर. मुंबई टाइम मागे होता. बरोबर एकोणचाळीस मिनिटं मागे.

अण्णा दर सोमवारी दोन्ही घड्याळांना चावी द्यायचे. खरं कुठलं, असं कुणी विचारलं तर दोन्ही म्हणायचे.

"कायतानला निरोप कुणी दिला?"

इनासने समोरची वाटी जवळ ओढली. तांब्याचं जुनं घटिकापात्र होतं ते. पूर्वी लग्नाच्या वेळी पाण्यावर सोडायचे. बुडाच्या भोकातून पाणी भरून ते बुडालं की घटका झाली. आता त्याला कुणी विचारत नव्हतं, म्हणून अण्णांनी भोकाला मेण लावून त्यात स्क्रू ठेवले होते.

इनास ते स्क्रू बोटाने ढवळत राहिला.

"हॉटेलची दोघांच्या नावची चिठ्ठी कुणाच्या हातात आली, इनास?"

"माझ्या."

"काय लिहिलं होतं?"

"पाच वाजता."

"एवढंच?"

इनासने एक स्क्रू उचलून पुन्हा वाटीत टाकला.

"इनास."

"पाच वाजता, स्टँडर्ड टाइम."

"आणि तू त्याला काय सांगितलंस?"

"पाच वाजता." इनासने मान वर केली. "खोटं एक अक्षर बोललो नाही, अण्णा. पाच म्हणजे पाचच."

"हो."

"त्याने विचारायला हवं होतं."

"हो."

दोन्ही घड्याळं टिकटिकत होती. अण्णा रागावतील म्हणून इनास तयारीत बसला होता. अण्णा रागावले नाहीत, आणि तयारी फुकट गेली.

"मग तुझं काम तर झालं," अण्णा म्हणाले.

"कुठलं झालं! तो आला घामाने भिजून. बँडमास्तरने विचारलं, तुला वेळ कुणी सांगितली? त्याने माझ्याकडे बघितलं... एकदाच. आणि म्हणाला, माझीच चूक झाली, साहेब."

"बरं."

"बरं काय? मला सांगा, काय गरज होती? माझं नाव घ्यायचं होतं! म्हणजे आता चांगुलपणातही तोच पुढे!"

हे बोलताना त्याचा आवाज फाटला. एवढा मत्सर करायलाही अंगात ताकद लागते, आणि इनासची संपत आली होती.

"कसं वाजवलं त्याने?"

इनासने वाटी दूर सारली.

"तसंच. उशिरा. ठोका येणार येणार वाटतं, आणि येत नाही... मग येतो. ग्लास पुसणारा वेटर पुसायचा थांबला. बँडमास्तर डोळे मिटून बसला."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू काय करत होतास?"

"बाकावर बसलो होतो."

"नुसता?"

इनासने खाली पाहिलं. स्वतःच्या उजव्या बुटाकडे. त्या बुटाने त्याचा विश्वासघात केला होता.

"माझा पाय हलला, अण्णा. माझा! मी धरून ठेवला, तरी हलला."

अण्णा उठले. मुंबई टाइमच्या घड्याळाची काच उघडली आणि झुलणाऱ्या लंबकाशेजारी बोट धरलं.

"बघ."

लंबक एका टोकाला गेला आणि परत आला.

"टोकाला जाऊन काय करतो?"

"परत फिरतो."

"त्याच्या आधी?"

चार वर्षांत इनासने शेकडो लंबक पुसले होते. पण तो वाकून बघू लागला, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

"थांबतो..."

अण्णांनी बोट काढून घेतलं.

"म्हणजे कायतान बरोबर?" इनास उसळला. "तेच म्हणायचंय ना तुम्हाला? तुम्हीही त्याचेच!"

त्याची उसळी खाली बसेपर्यंत अण्णा उभे राहिले. त्यालाही थोडा वेळ लागला.

"आणखी एक आहे," इनास शेवटी हळू आवाजात म्हणाला. खरं तर तो एवढ्यासाठीच आला होता. "कायतानला घेतलं. पण दुपारच्या चहाच्या नाचाला आणखी एक ड्रमवाला लागणार आहे. त्याने माझ्यासाठी शब्द टाकला. निघताना मला म्हणाला, उद्या नऊला ये, पुन्हा ऐकणार आहेत."

"मग जा."

"कुठल्या नऊला?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नुसतं नऊ म्हणाला, अण्णा. आणि हसला. तो कशाला हसला? मी केलं तेच तो करत असेल तर? मुंबईच्या नऊला गेलो आणि त्यांचे नऊ होऊन गेलेले असले, तर संपलं माझं. पुन्हा कोण बोलावतोय?"

"त्याला विचार."

"मी? त्याला? कुठले नऊ म्हणून?... कुठल्या तोंडाने विचारू?"

दुकानात दोन्ही घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, एकीत दुसरी न मिसळता.

"स्टँडर्डच्या नऊला गेलं की झालं, हे मलाही कळतं," इनास म्हणाला. "पण त्याचे नऊ मुंबईचे असले तर? तेवढा वेळ त्या बंद दारापुढे बसायचं? मग तो येणार, आणि मला बघणार... त्याची वाट बघत बसलेला. कायतानची वाट. मी!"

अण्णांनी घड्याळाची काच लावली. जागेवर येऊन बसले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"आधीच्या नऊला जा," ते म्हणाले. "दार बंद असलं तर बस. ती एकोणचाळीस मिनिटं त्याचीच आहेत, तू घेतलेली."