केरबाचा गॅसवरचा ट्रॅक्टर

एका गावात केरबा नावाचा एक भोळा शेतकरी होता. भोळा म्हणजे किती? 'जरा थांब' म्हटलं, की दिवस मावळेपर्यंत थांबायचा.

पोळ्याला पहिली जोडी केरबाच्या घरची निघायची, हा वाडवडिलांपासूनचा मान. पण बैल थकले, म्हणून त्यानं ते मेव्हण्याकडे चरायला पाठवले. आता मानाचं काय? दौलत पाटील म्हणाले, "ट्रॅक्टर आण. पोळ्याला आपल्या दमावर तोरणाखालून गेला, तर मान तुझाच. न्हाई गेला तर शेजारच्या आबूरावचा."

केरबा ट्रॅक्टर शोधायला निघाला. तालुक्याला एक जुना विलायती ट्रॅक्टर विकायला होता. डिझेल नको, गॅसच्या टाकीवर चालायचा. बायको द्वारका म्हणाली, "बैल घेता तसं नीट बघून घ्या."

केरबानं ट्रॅक्टरचं तोंड उघडलं आणि आत डोकं घातलं.

"काय शोधता?" मालकानं विचारलं.

"दात."

"अहो, त्याला दात नसतात!"

"एकही न्हाई? एवढा म्हातारा? मग निम्म्या किमतीत द्या."

मालक हसून हसून दमला आणि खरंच निम्म्यात देऊन बसला. मूर्खाचं नशीब कधीकधी असं जोरावर असतं.

दुरुस्तीला हमीद मिस्त्री आले. गॅसची नळी गळत होती. मिस्त्री म्हणाले, "साबणाचा फेस लाव. बुडबुडे येतील तिथं गच्च आवळ." केरबानं आवळलं. गळती थांबली. गडी खूश.

घरात आला, तर चुलीवर भात रटरटत होता. केरबानं पाहिलं. बुडबुडे! झाकण ठेवलं, तार गुंडाळली, पकडीनं गच्च आवळलं. थोड्या वेळानं धडाम! निम्मा भात आढ्याला, निम्मा कोंबड्यांना.

द्वारका कडाडली, "अहो, बुडबुडे आले की झाकण काढायचं असतं! वाफ जाऊ द्यायची!"

"आता ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला. आणि ठेवलंही, हेच तर दुखणं.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं, पण रेडिएटरचं पाणी खदखदायला लागलं. केरबानं लांब काठीनं झाकण उडवलं. पाण्याचा फवारा दारातल्या लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला. मिस्त्रींची टोपी तिथंच अडकली.

"अरे बाबा!" मिस्त्री लांबून ओरडले. "तापलेल्याला हात लावू नये! सावलीत उभं करावं, चाकामागं दगड लावावा. तासभर पाणी घालू नये!"

पोळ्याच्या आदल्या दुपारी सासरे आले. बळीराम त्यांचं नाव. दोन कोस उन्हातून चालत आलेले, तोंड लालबुंद. केरबानं त्यांना लिंबाखाली उभं केलं. दोन्ही टाचांमागं दगड लावले.

"जावईबापू, पाणी..."

"तासाभरानं, मामा. हलू नका."

द्वारका विहिरीवरून आली तेव्हा म्हातारा नुसता डोळे फिरवत होता. तीन तांबे पाणी प्याल्यावर त्यांना वाचा फुटली. "जावईबापू, माणसाचं माणसाला, बैलाचं बैलाला! तुमचा ट्रॅक्टर हा आता तुमचा बैल. उद्या पोळ्याला बैलाचं जे जे करता, ते त्याचं करा. आमचं नका करू!"

केरबानं शब्द खाली पडू दिला नाही. सकाळी ट्रॅक्टर धुतला, रंगवला, झूल पांघरली, दिव्यांवर बाशिंग बांधलं. मिस्त्रींनी एकदा चालू करून पाहिला. एका झटक्यात सुरू! द्वारकाचा जीव भांड्यात पडला. मान राहिला म्हणायचा.

संध्याकाळी सगळा गाव तोरणाशी जमला. हलगी वाजायला लागली. ट्रॅक्टरचा आवाज काही येईना. आबूराव आपली जोडी पुढं काढायला लागला. द्वारका रडकुंडीला आली.

तेवढ्यात वळणावर ट्रॅक्टर दिसला. पुढं केरबा. मानेवर जू, जुवाला दोर, दोराला ट्रॅक्टर. घामानं निथळत, वाकून वाकून ओढत येत होता.

"बंद पडला का रे?" पाटलांनी विचारलं.

"छे! सकाळीच एका झटक्यात सुरू झाला."

"मग चालवत का न्हाई?"

केरबा धापा टाकत म्हणाला, "पाटील, तुम्ही जाणते. पोळ्याच्या दिवशी बैलाला कुणी राबवतं का?"

हलगी थांबली. पाटील आधी केरबाकडं बघत राहिले, मग ट्रॅक्टरकडं.

"आबूराव, जोडी मागं घे," ते म्हणाले. "बैल आपल्या दमावर आलाय."

त्यांनी ट्रॅक्टरचं बाशिंग सोडलं आणि केरबाच्या कपाळाला बांधलं. केरबा तोरणाखालून गेला, तोरण तुटलं, हलगी कडाडली. द्वारकानं नवऱ्याच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं आणि सगळ्या गावादेखत त्याला पुरणपोळी भरवली.

केरबाच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. घरचा मान घरातच राहिला होता. त्याला एवढंच कळेना, की नवाकोरा दिसणारा ट्रॅक्टर सोडून सगळा गाव त्याच्याच पाठीवर थाप का मारतोय.