मुठीतली माती

“कुणीतरी माझ्या खुराकात काहीतरी कालवतंय.”

इंद्रजित तालमीत सगळ्यांसमोर म्हणाला. नाव त्यानं कुणाचंच घेतलं नाही. पण साऱ्या पैलवानांचा खुराक करणारे दौलूमामा पाट्यावर बदाम वाटता वाटता थांबले.

कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसलेल्या दस्तगीर वस्तादांनी मान वर केली.

“कशावरनं?”

इंद्रजितनं सांगितलं. मागच्या दोन्ही जत्रांत त्याच्याहून हलक्या पैलवानांनी त्याला चीत केलं होतं. हात मिळवण्याआधीच दंड जड व्हायचे, दम लागायचा. एवढी मेहनत करून ताकद जाते कुठं? उद्या पुन्हा जत्रा होती. शेवटची, सगळ्यांत मोठी कुस्ती आपलीच, तो म्हणाला.

“तुझी का दुसऱ्याची, ते मी अजून ठरवलं न्हाई,” वस्ताद म्हणाले. “कसलं टेन्शन हाय का तुला?”

इंद्रजित हसला. टेन्शन शहरातल्या बाबूंना असतं, तो म्हणाला. आपण पडलो की झोपतो.

“मग झोप.”

वस्तादांनी हौद्यातली मूठभर माती घेतली. तेल आणि ताक मुरलेली, मऊ, ओलसर. ती त्याच्या उघड्या तळव्यावर ठेवली.

“धरायची न्हाई. नुसती असू दे. सांडली तर सांडली.”

दुपारी तो तसाच आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला.

जाग आली तेव्हा मूठ उघडेना. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागलं.

आत मातीचा गोळा होता. विटेसारखा घट्ट. त्यावर त्याचीच बोटं, नखं, तळहाताची रेघ न् रेघ उमटलेली.

तो बघतच राहिला. देवळात पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखा…

“कुस्ती उद्या हाय,” वस्ताद म्हणाले. “ही कुणाबरोबर खेळलास?”

इंद्रजितचा हात गालावर गेला. रोज सकाळी त्याचा जबडा दुखायचा, त्याचा दोष त्यानं उशीला दिला होता. मान अवघडायची, तो मालिशच्या तेलाला. आणि बाकीचा…

त्यानं दौलूमामांकडे बघितलं. मामा खाली बघत होते.

गोळा फोडायला त्यानं मूठ आवळली. गोळा आणखी घट्ट झाला.

वस्ताद पहिल्यांदाच हसले. त्यांनी फावडं पुढं केलं.

इंद्रजितनं ते बऱ्याच दिवसांत हातात धरलं नव्हतं. हौदा उकरणं नव्या पोरांचं काम. नाव झालेला पैलवान तयार मातीत उतरतो.

“काल उकरलेली माती,” वस्ताद म्हणाले. “आज घट्ट का झाली?”

“आम्हीच तुडवली.”

“चुकलं तुमचं?”

“नाही… कुस्ती खेळायची म्हणजे माती तुडवली जाणारच.”

“मग?”

इंद्रजितनं गोळा हौद्यात टाकला आणि फावडं चालवायला घेतलं. संध्याकाळपर्यंत कुणी त्याला थांबवलं नाही. शेवटी गोळा कुठं विरघळला, ते त्यालाही दाखवता आलं नसतं.

मग तो दौलूमामांजवळ जाऊन बसला. खालच्या आवाजात काहीतरी बोलला. मामांनी वरवंटा त्याच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जत्रेला न्यायला जीप दारात आली. मोठी कुस्ती कोण खेळणार, ते वस्तादांनी अजून सांगितलं नव्हतं. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

इंद्रजित झोपला होता. झोपण्याआधी त्यानं आपण होऊनच तळव्यावर माती घेतली होती.

वस्ताद त्याच्या पायाशी उभे राहिले.

दौलूमामांनी वाकून बघितलं.

“वस्ताद, सगळी माती चादरीवर सांडलीय,” ते हळूच म्हणाले. “याला उठवू, का जीपवाल्याला थांबायला सांगू?”