हरबाकाकाने उपटलेली धायटी

चूक हरबाकाकाची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोठी माणसं अशा वेळी वाऱ्याला नाहीतर शेळीला पुढे करतात.

डोंगराच्या पायथ्याशी एका कुडाच्या घरात येसू आणि तिचा इवलासा भाऊ गोप्या राहत होते. आईबाप तापात गेले, म्हणून काका-काकीच्या पदरी आलेले. काकाला मूलबाळ नव्हतं. गोप्यानं आपल्याला एकदा तरी 'बाबा' म्हणावं, म्हणून तो झुरायचा. येसूच्या वाट्याला मात्र शिळी भाकर आणि पाण्याच्या घागरी.

पण आई गेल्यापासून गोप्या एक शब्दही बोलला नव्हता. परसात, घर एकत्र होतं तेव्हा आईनं लावलेली धायटी होती. ती फुलली की फांदी न् फांदी लालचुटुक व्हायची. मग जांभळे, झगमगते, चिमुकले शिंजीर यायचे, वाकडी चोच फुलाच्या नळीत घालून मध प्यायचे. ते पाहून गोप्या हसायचा, आणि हसता हसता चार घास खायचा.

शिमगा झाला आणि राब भाजायची वेळ आली. भाताची रोपं जिथे टाकायची, ती जमीन आधी पालाफांद्या जाळून भाजतात. त्यासाठी माणसं डोंगरावर जातात, फांद्या तोडतात, पण झुडपाचं खोड गुडघाभर राखतात, म्हणजे ते पुन्हा फुटतं. हरबाकाकाला डोंगर चढायचा आळस. त्यानं परसातली धायटी मुळासकट, फुलांसकट उपटली आणि राबात घातली. गोप्या उंबऱ्यात बसून सगळं बघत होता.

शेळीनं खाल्ली, असं काकानं गावभर सांगितलं. राबात करपलेली लाल फुलं सगळ्यांना दिसत होती. एकानंही तोंड उघडलं नाही. जाणती माणसं ना ती!

गोप्यानं खाणं जवळजवळ सोडलं. त्याच्या हाताच्या काड्या झाल्या. येसू रिकाम्या खड्ड्याशी बसून रडली, तेव्हा तिचा एक थेंब मातीत पडला आणि माती चमचमली. त्यातून अंगठ्याएवढी परी वर आली. लाल झालरीचा झगा, पंखांवर सोनेरी पराग. एक पंख मात्र जळून काळा पडलेला.

"रडू नकोस गं," परी म्हणाली. "माग काहीतरी. पण एकदाच मागता येतं."

"माझ्या गोप्याला बोलतं कर."

"ते माझ्या हातात नाही, बाळ. माझ्या हातात फक्त झाड आहे." तिनं मातीतून करंगळीएवढं मूळ उकरून येसूच्या ओंजळीत ठेवलं. "हे लाव. यावर जो जीव येईल त्याला हाकलायचं नाही. आणि याच्यापाशी खोटं बोलायचं नाही. जो बोलेल, त्याला या झाडाचं काही लाभणार नाही."

येसूनं मूळ लावलं. आपल्या पिण्यातलं पाणी घातलं. पावसाळ्यात तांबूस, नाजूक पालवी फुटली, आणि लगेच तिच्यावर हिरव्या अळ्या चढल्या. निम्मी पानं गेली. काका अळ्या मारायला विषारी भुकटी घेऊन आला, तशी येसू झुडपाला पाठ लावून उभी राहिली. काकानं तिला मारलं. ती हलली नाही. काकी दारातून बघत राहिली, तिनंही काही केलं नाही.

मग शिंजिरांची जोडी आली. फांदीवर पिशवीसारखं घरटं टांगलं आणि पिल्लांना भरवायला एक एक अळी टिपून नेली. गोप्या उंबऱ्यावरून उठून परसात आला. त्या दिवशी त्यानं पेज मागून घेतली, नुसती वाटी पुढे करून.

माघात धायटी अशी फुलली, की परसाला जणू लाल दिवे लागले. गाव बघायला जमला. येसू काकाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "काका, आज तरी खरं सांग. शेळीनं नव्हती खाल्ली."

"चार माणसांत मला शिकवतेस?" काका गुरगुरला. मग झुडपावर हात ठेवून लोकांना म्हणाला, "मीच लावली. माझ्या पोरासाठी." लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात एक शिंजीर फुलावर उतरला आणि गोप्यानं येसूचा हात ओढला.

"ताई, बघ. आला."

येसूनं त्याला पोटाशी धरलं. फुलांतून परी वर आली. तिचा पंख आता नवा, सोनेरी झाला होता. तिनं येसूच्या कपाळावर ओठ टेकले. तुझ्या हातचं झाड कधी वठणार नाही आणि तुझ्या भावाची भूक कधी मरणार नाही, असं म्हणाली. मग लख्ख उजेड झाला. उजेड विरला, तेव्हा परी नव्हती.

काका गुडघ्यांवर बसला. त्यानं दोन्ही हात पसरले. "ये रे, मला बाबा म्हण."

गोप्यानं त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

पुढे गोप्या काकीशी बोलला, शेळीशी बोलला, साऱ्या गावाशी बोलला. हरबाकाका म्हातारा होऊन मेला. गोप्या त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही.